मायक्रोस्कोपखालचे दोन तास

मंगळवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझी बायको नंदिनी वारली. आमचं घर कलकत्त्याच्या बेहाला भागात आहे. मी तेव्हा रुग्णालयात ऑपरेशन करत होतो. निरोप थिएटरच्या दारापर्यंत नऊ चाळीसला आला. मला तो अकरा वीसला मिळाला.

याला आता एक वर्ष आणि चार महिने झाले. एवढ्या काळात मी हे कुणाला नीट सांगितलेलं नाही. अमरावतीला ताईला सांगितलं ते इतकंच, की मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. ते खरं आहे, पण पुरतं नाही. जे तिकडेच राहिले आणि जे माझ्यासारखे कुठेकुठे जाऊन बसले, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. कारण तुम्ही प्रत्येकाने या वर्षात मला एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: आता तिथे तुझं काय आहे?

अमरावती सोडली तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. जनरल सर्जरी झाली होती आणि पुढे प्लॅस्टिक सर्जरीची जागा कलकत्त्याला मिळाली होती. बडनेऱ्याच्या फलाटावर आई, बाबा, ताई आणि शेजारचे देशमुखकाका आले होते. आईने दशम्यांचा डबा आणि तिखटाची बरणी दोनदोनदा पिशवीतून काढून पुन्हा नीट ठेवली. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापक होते. गाडी दिसल्यावर ते म्हणाले, "काऊन रे, नाकं सरळ करायले एवढ्या लांब जाऊन राहिला? इथल्या लोकांची नाकं काय वाईट आहेत?" देशमुखकाकांनी तर खिडकीशी येऊन हात जोडले. "डॉक्टर, आमची एक बादली फुटली आहे, तेवढं प्लॅस्टिक जोडून जाता का?" गाडी हलली तरी ते आपल्याच विनोदावर हसत होते. आई म्हणाली, "तीनच तर वर्षं." मीही तेच धरून चाललो होतो.

तीन वर्षांची एकवीस झाली, त्याचं कारण नंदिनी. तिचे पणजोबा एका विमा कंपनीच्या नोकरीसाठी इथे आले आणि राहिले. त्यांच्या घरातली ती इथे जन्मलेली तिसरी पिढी. इथल्या मराठी लोकांच्या गणपतीत ती पंगतीला वाढत होती. माझ्या पानासमोर थांबून तिने विचारलं, "तुम्ही ते प्लॅस्टिकवाले ना?"

"हो."

"मग माझं नाक कसं आहे, खरं सांगा."

मी खरंच बघितलं. आमच्या पेशातल्या लोकांना ती खोड असते. "जरा डावीकडे झुकलं आहे," मी म्हणालो.

"राहू दे. आजीचं आहे," असं म्हणून ती पुढच्या पानाकडे गेली.

तिची मराठी आजीकडून आणि पुस्तकांतून आलेली होती, त्यामुळे ती माझ्या मराठीपेक्षा शुद्ध आणि पुष्कळ जुनी होती. ती सकाळची 'न्याहारी' करायची, तिला सर्दी न होता 'पडसं' व्हायचं, आणि पाणी मात्र ती बंगाल्यांसारखं 'खायची'. शाळेत भूगोल शिकवायची. रविवारी आम्ही मैदानावर, फोर्ट विल्यमच्या बाजूच्या गवतावर, मराठी पुस्तक घेऊन बसायचो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं. आम्हाला मूल झालं नाही. त्याचं दुःख होतं, पण ते आम्ही दोघांत वाटून घेतलं होतं. आता मराठीचा शब्द दिवसभरात माझ्या तोंडून निघत नाही. ताईचा फोन आला की पहिली दोन वाक्यं घसा धरल्यासारखी येतात. ती विचारते, "पडसं झालं का रे?" हा शब्द तिने नंदिनीकडूनच उचललेला आहे.

कामाबद्दल लिहायला हवं, कारण सगळं त्यातच अडकलेलं आहे.

आमची शाखा विचित्र आहे. अपेंडिक्स काढलेला माणूस आपलं अपेंडिक्स पुन्हा कधी बघत नाही. आमचा माणूस आमचं काम रोज सकाळी आरशात बघतो आणि रोज नव्याने मत बनवतो. ज्याचं काही बिघडलेलं नसतं तो सर्वांत असमाधानी असतो. नाकाची दोन मिलिमीटरची उंची कमी करून घेतलेली एक बाई चार वर्षं माझ्याकडे त्याच दोन मिलिमीटरची तक्रार घेऊन येत होती. उलट, भाजलेली माणसं थोडक्यावर खूश होतात. बाबा एकदाच कलकत्त्याला आले होते, तेव्हा हट्टाने माझ्या ओपीडीच्या बाकावर येऊन बसले. त्या दिवशी एक तरुण बाई टाके काढायला आली होती. स्टोव्हच्या भडक्याने तिची हनुवटी छातीला चिकटून गेली होती, आणि सात महिने तिने जमिनीखेरीज काही पाहिलं नव्हतं. आम्ही मानेची ती कातडी सोडवून मांडीची कातडी लावली होती. टाके निघाल्यावर ती बाकावर बाबांच्या शेजारी बसली आणि डोकं मागे टेकून छतावरचा पंखा बघत राहिली. बाबा घरी आल्यावर जेवताना मध्येच थांबले आणि म्हणाले, "तिनं वर पाह्यलं रे." त्यानंतर त्यांनी नाकांचा विषय कधी काढला नाही.

पण मला स्वतःला ज्या कामाने धरून ठेवलं ते वेगळं. तुटलेली बोटं पुन्हा जोडणं. बजबजच्या ज्यूट मिलमधून, बेहालातल्या छोट्या कारखान्यांमधून अशी माणसं येतात. हाड आणि स्नायूंचे दोर उघड्या डोळ्यांनी जोडता येतात. रक्तवाहिनी मात्र शेवयांच्या काडीएवढी, कधी त्याहून बारीक. ती मायक्रोस्कोपखाली शिवायची. दोरा केसापेक्षा पातळ, हातातून पडला तर तो दिसत नाही, नवा घ्यावा लागतो. तिथे आमच्याच लोकांकडून होणारी एक चूक आहे: सुई वाहिनीच्या पुढच्या भिंतीतून घालताना जरा खोल गेली की मागची भिंतही टाक्यात येते. वरून टाका सुरेख दिसतो आणि आत वाट बंद झालेली असते.

दहाएक वर्षांपूर्वी माझ्या डोळ्यांसमोर ही चूक झाली. माझा सहकारी शिवत असताना कुणीतरी येऊन सांगितलं, की त्याची मुलगी शाळेच्या जिन्यावरून पडली. तो म्हणाला, "हं, कळलं," आणि पुढचा टाका घातला. तो टाका मागच्या भिंतीतून गेला. मुलीला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. एका सुताराचं बोट मात्र गेलं. दुसऱ्या दिवशी मी नियम केला, की मायक्रोस्कोप जखमेवर आणल्यापासून वाहिनीतलं रक्त अडवून धरणारा चिमटा काढेपर्यंत आत कुणालाही, कसलाही निरोप द्यायचा नाही. थिएटरच्या प्रमुख नर्स मिनतिदी. त्यांनी विचारलं होतं, "कसलाही?" मी म्हणालो, "कसलाही." आमचं बोलणं हिंदी आणि बंगालीच्या मिसळीत चालतं. त्यांनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून नियम पाळला.

त्या मंगळवारी सकाळी पावणेसातला फोन आला. बजबजच्या एका मिलमध्ये पोती कापायच्या यंत्रात एका कामगाराचा उजव्या हाताचा अंगठा गेला होता. त्याच्या सोबत्यांनी अंगठा ओल्या फडक्यात, फडकं पिशवीत आणि पिशवी बर्फात, असं अगदी नीट आणलं होतं. कामगाराचं नाव हारान मंडल. मी निघताना नंदिनी शाळेच्या वह्या तपासत बसली होती. तिला सुट्टी होती. "कुणाचं काय तुटलं?" तिने मान वर न करता विचारलं. "अंगठा," मी म्हणालो. "मग जा लवकर," ती म्हणाली. हे आमचं शेवटचं बोलणं. त्यात काही विशेष नाही, हे मी पुष्कळदा तपासून पाहिलं आहे.

हाड आणि दोर जोडून झाल्यावर सव्वानऊला मायक्रोस्कोप वर आणला. त्यानंतर मला काळाचं भान नव्हतं. तसं ते कधीच नसतं, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच मी हे काम करतो. अकरा पंधराला चिमटा काढला. अंगठा राखी रंगाचा होता. सगळे वाकून बघत होते. आधी मुळाशी, मग नखाखाली रंग भरत गेला. अंगठा गुलाबी झाला. मी हसलो. मोठ्याने हसलो असणार, कारण माझा सहायक घोषही हसला. मला स्पष्ट आठवतं, मिनतिदी अंगठ्याकडे बघत नव्हत्या. एरवी त्या सर्वांत आधी वाकून बघायच्या.

पाच मिनिटांनी त्या म्हणाल्या, "स्यार, जरा बाहेर या."

"ड्रेसिंग?"

"घोष करतील."

बाहेर हात धुवायच्या नळाशी त्यांनी मला सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या साहा बौदी, म्हणजे साहा वहिनी, दूध द्यायला वर गेल्या तेव्हा नंदिनी खुर्चीतच होती. गल्लीतले डॉक्टर आले, त्यांनी नऊ दहाची वेळ लिहिली. हृदय. मी विचारलं, "फोन कधी आला?" त्या खोटं बोलू शकल्या असत्या. "नऊ चाळीस," त्या म्हणाल्या. मी हातमोजे काढले आणि घरी गेलो.

त्यानंतर वर्षभर मी मिनतिदींशी या विषयावर एक शब्द बोललो नाही. कामावर पंधराव्या दिवशी रुजू झालो. महिन्याभरात मिनतिदींनी स्वतः अर्ज करून थिएटर सोडलं आणि ओपीडीच्या ड्रेसिंग रूममध्ये बदली घेतली. सगळे धरून चालले, की मी त्यांच्यावर रागावलो आहे. मला विचारलं असतं तर मलाही सांगता आलं नसतं. नियम माझा होता. मी रागावणार कुणावर? मायक्रोस्कोपची कामं मी घोषकडे सोपवली. डोळ्यांचा त्रास होतो, असं सांगितलं. मी कातडी लावायची, दुभंगलेले ओठ शिवायची, व्रण काढायची कामं करत राहिलो. ती चांगली कामं आहेत. ती करताना मला सतत घड्याळ दिसायचं.

संध्याकाळी मेट्रोतून उतरून मी घरी यायचो. आमच्या मजल्यावर गेलो की कानांना सवयीने नंदिनीचा रेडिओ ऐकू यायचा, तो लागलेला नसायचा. तिच्या वह्या शाळेला परत करायला मी तीन महिने लावले. एका वहीत गंगेच्या उपनद्यांपाशी तिची लाल रेघ अर्धी राहिली होती. कुण्या मुलीची ती वही होती, तिला ती हवी असणार, हे कळत असूनही मी ती सर्वांत शेवटी दिली.

या फेब्रुवारीत दोन गोष्टी एकाच आठवड्यात आल्या. ताईचा फोन आला. अमरावतीला तिच्या घराजवळ नवं रुग्णालय होतं आहे, त्यांना प्लॅस्टिक सर्जन हवा आहे, तिच्या दिरांच्या ओळखीने बोलणं झालं आहे, महिनाअखेर हो की नाही सांगायचं आहे. "वरची खोली रिकामीच आहे," ती म्हणाली. "सकाळी डबा घेऊन जाशील, संध्याकाळी माणसांत येशील. तिथं भुतासारखा काऊन राहून राहिला?" मी म्हणालो, विचार करतो. "विचार कशाचा? तिथं आता तुझं आहे काय?"

दुसरी गोष्ट म्हणजे आमच्या व्यवसायातल्या कुणी संशोधकाने ईमेलवर पाठवलेली प्रश्नावली. प्लॅस्टिक सर्जन आपल्या नोकरीत आणि कारकिर्दीत किती समाधानी आहेत, याचा अभ्यास चालला होता. एक ते पाच यांपैकी आकडा निवडायचा. कामाचं स्वरूप? पाच. सहकारी? चार. कामाचे तास? दोन. कुटुंबाला मिळणारा वेळ? या प्रश्नावर बाण ठेवून मी बराच वेळ बसलो आणि तो तसाच सोडून पुढे गेलो. पुन्हा निवड करायची असती तर हीच शाखा निवडली असती का? हो. शेवटी एक मोकळी चौकट होती: तुमच्या कारकिर्दीतला सर्वांत समाधानाचा क्षण थोडक्यात लिहा.

मला उत्तर ताबडतोब माहीत होतं, आणि तेच भयंकर होतं. इतकी वर्षं इतकी कामं केली, तरी त्या मंगळवारी अकरा पंधराला भरलेला तो रंग मी दुसऱ्या कशाशी बदलू शकत नव्हतो. ज्या क्षणी मी माझ्या कामावर सर्वांत खूश होतो, त्या क्षणी नंदिनीला जाऊन दोन तास झाले होते. खुर्चीतून उचलून तिला पलंगावर ठेवलं होतं. शेजारच्या बायका जमल्या होत्या. मी हसत होतो. प्रश्नावली अर्धी ठेवून मी संगणक बंद केला आणि मनाशी ठरवलं, की ताईला हो म्हणायचं. अमरावतीला मला कुणी मायक्रोस्कोपखाली बघायला सांगणार नव्हतं, आणि त्या नळापाशी उभं राहायची वेळ येणार नव्हती.

त्यानंतरच्या सोमवारी हारान मंडल वर्षभराच्या तपासणीला आला. बजबज लोकलने माझेरहाट स्टेशनपर्यंत, तिथून पुढे. तो मधले काही महिने आला नव्हता. मी त्याला ड्रेसिंग रूममध्ये नेलं, कारण तिथे उजेड चांगला असतो. मिनतिदी कोपऱ्यातल्या कपाटात पट्ट्या लावत होत्या. हारानने माझ्यासमोर सदऱ्याची सगळी बटणं काढून पुन्हा लावून दाखवली. त्याच्या अंगठ्याला थंडी सोसत नाही, हिवाळ्यात तो मोजा घालतो. ताकद अर्धी आली आहे. मिलने त्याला गेटवरचं काम दिलं आहे. मी सुईच्या टोकाने कुठे कळतं, कुठे नाही ते तपासलं. अपेक्षेपेक्षा बरं होतं. मी तसं म्हणालो.

"ते सगळं ठीक आहे, डाक्टरबाबू," तो म्हणाला, "पण एक गोष्ट बोलू? रागावू नका."

"बोल."

त्याने दोन्ही अंगठे शेजारी धरले. "हा बघा सरळ. आणि हा बघा. नख भिंतीकडे बघतं. तुम्ही वाकडा लावलात."

मी बघितलं. त्याचं बरोबर होतं. हाड बसवताना अंगठा किंचित फिरून बसला होता. मोठी चूक नाही, पण चूक माझी. वर्षभर मी त्याची पकड बघत होतो, कळतं की नाही ते बघत होतो, आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हाड मी नऊच्या सुमारास बसवलं होतं. या वेळेचा काही अर्थ लावायचा मोह मी आवरला. हाड वाकडं बसलं कारण मी मायक्रोस्कोपकडे जायची घाई केली होती.

"माझी बायको म्हणते," हारान पुढे म्हणाला, "एवढे तास लावले, मग सरळ का नाही लावला? मी म्हटलं, अगं, जाऊ दे, डाक्टरबाबू थकले असतील. ती म्हणते, भांडं वाकडं आलं तर दुकानात परत नेतो की नाही?"

मला हसू आलं. आवरेना. हारान आधी घाबरला, मग तोही हसला. आणि कोपऱ्यातून मिनतिदींचा आवाज आला, "परत नेतो म्हणजे? काढून ठेव इथे, बघू दुसरा मिळतो का." असं त्या पूर्वी थिएटरमध्ये बोलायच्या. वर्षभरात मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता.

हारान गेल्यावर त्या पट्ट्या लावत राहिल्या. मी जायला हवं होतं, पण उभा राहिलो. मग मी विचारलं. जे विचारायला चौदा महिने लागले ते एका वाक्यात झालं. "मिनतिदी, त्या दिवशी तुम्ही का सांगितलं नाहीत?"

"तुमचा नियम होता."

"एवढंच?"

त्यांनी हातातली पट्टी खाली ठेवली. "एवढंच नाही. साहा बौदींना मी तीनदा विचारलं, श्वास आहे का? त्या म्हणाल्या, डॉक्टर बघून गेले, काही नाही. मी म्हटलं, तुम्ही स्वतः छातीवर हात ठेवून बघा, फोन ठेवू नका. त्यांनी बघितलं. नाही म्हणाल्या. स्यार, श्वास असता तर मी तुमचा नियम मोडला असता. आत येऊन तुमचा हात धरला असता. अंगठा गेला असता तर गेला असता." त्यांनी पट्टी पुन्हा उचलली. "श्वास नव्हता. मग मी दाराला पाठ लावून उभी राहिले. मला वाटलं, आत गेले तर तोंडावरून तुम्हाला कळेल. पण चिमटा काढताना मला आत यावंच लागलं."

"मी हसलो तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"पाच मिनिटं तुम्ही थांबलात."

"पाच मिनिटं थांबले," त्या म्हणाल्या. "नियम तर चिमटा काढल्यावर संपला होता. ती पाच मिनिटं माझी. त्यांच्याबद्दल रागवायचं तर रागवा."

मी तपासणीची सुई ट्रेमध्ये ठेवली. खोलीत पट्ट्यांचा आणि औषधाचा वास होता. बाहेर कुणी नंबर पुकारत होतं. मी म्हणालो, "रागावलो नाही." ते म्हणेपर्यंत मला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

"मग ते मायक्रोस्कोपचं?" त्यांनी विचारलं. "डोळ्यांचं काही नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. घोष चांगले आहेत, पण अजून घाबरतात. मागच्या महिन्यात दोन बोटं गेली."

हे मला माहीत होतं. फाइल माझ्याच टेबलावरून गेली होती.

त्या संध्याकाळी मी प्रश्नावली उघडली. कुटुंबाला मिळणाऱ्या वेळाचा आकडा भरला नाही. मोकळ्या चौकटीत लिहिलं: एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, एका कामगाराच्या अंगठ्यात रक्त परत आलं तेव्हा. पाठवून टाकलं. जो कुणी ते वाचेल त्याला त्यात वेगळं काही दिसणार नाही. मला ते एकदा खोटं न बोलता लिहून हवं होतं.

ताईला मी दुसऱ्या दिवशी नाही म्हणालो. ती आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, "मंग एवढं तरी सांग, तिथं तुझं आहे काय?" मी तिला सांगायचा प्रयत्न केला. अमरावतीला मला ओळखणारी पुष्कळ माणसं आहेत, पण नंदिनीला ओळखणारी ताईखेरीज फारशी नाहीत. तिथे ती सणासुदीला येणारी, भाकरी थापता न येणारी, जुन्या मराठीत बोलणारी कलकत्त्याची सून होती. इथे तिने शिकवलेल्या मुली मेट्रोत भेटतात आणि मला जागा देतात. इथे साहा बौदी आहेत, ज्यांनी तिच्या छातीवर हात ठेवून बघितलं. इथे मिनतिदी आहेत. हे मी ताईला एवढं नीट सांगू शकलो नाही. मी म्हणालो, "इथं काम आहे." ती म्हणाली, "काम तर इथंही होतं." मग तिने विचारलं, जेवलास का. मी हो म्हणालो. तेव्हा अजून जेवलो नव्हतो.

ताई, तू हे वाचशील. तुला वाईट वाटेल. मी तुझं घर नाकारलेलं नाही. त्या खोलीत मी बरा होईन अशी तुला आशा होती, आणि तीच मला सोसवणारी नव्हती.

मार्चमध्ये मी पुन्हा मायक्रोस्कोपशी बसलो. बेहालातल्या पत्र्याच्या कारखान्यातला माणूस, डाव्या हाताची तर्जनी. मिनतिदी थिएटरमध्ये परत आल्या होत्या. हाड बसवल्यावर मी दोन्ही हात शेजारी ठेवून नखं जुळतात का ते बघितलं, आणि मगच पुढे गेलो. मायक्रोस्कोप वर आणायच्या आधी मिनतिदींनी विचारलं, "नियम तोच?"

मी म्हणालो, "श्वास असेल तर सांगायचं. नसेल तर थांबायचं."

"लिहून द्या," त्या म्हणाल्या. "पुढे माझ्या जागी दुसरं कुणी असेल."

मी लिहून दिलं. तो कागद आता थिएटरच्या दाराच्या आतल्या बाजूला आहे. माझ्या घरी असं कुणी उरलेलं नाही की ज्याचा निरोप यावा. पण आत काम करणाऱ्या बाकीच्यांची घरं भरलेली आहेत.

तर्जनी जगली. रंग भरला तेव्हा मी हसलो नाही. मिनतिदी वाकून बघत होत्या आणि त्या म्हणाल्या, "आला." घोषने घड्याळ बघून वेळ लिहिली.

मी आता अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे. निवृत्तीला वेळ आहे. मी बेहालात राहतो, दोन खोल्यांत, एकटा. रविवारी मैदानावर जात नाही, घरीच वाचतो, कधी मोठ्याने. आठवड्यात चार दिवस ऑपरेशनं असतात. सकाळी पावणेसातला मी दाराला बाहेरून कुलूप लावतो. एक किल्ली माझ्याकडे असते, दुसरी साहा बौदींकडे.